जोतं किती फूट घेऊ?

"गोदावरीजवळ प्लॉट आहे, पूररेषेत येतो म्हणतात. जोतं किती फूट घेऊ?" नाशकात घर बांधायला निघालेली माणसं आम्हाला हे सतत विचारतात. आनंदवल्लीतून विचारतात, दसक-पंचकमधून विचारतात, नासर्डीच्या काठावरून आणि खाली सायखेडा-चांदोरीकडूनही. बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं: रस्त्यापासून अडीच-तीन फूट. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. रस्त्यापासून मोजलेल्या फुटांना पुरात काही अर्थ उरत नाही. जोतं पूरपातळीपासून मोजायचं, आणि ते मोजून झाल्यावरही काम निम्मंच झालेलं असतं.

आधी पातळी. जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा ठरवतो. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण त्याचा अर्थ असा की दर वर्षी तो पूर येण्याची शक्यता १ टक्का आहे. ३० वर्षं त्या घरात राहणार असाल, तर लाल रेषेचा पूर निदान एकदा पाहण्याची शक्यता २६ टक्के, आणि निळ्या रेषेचा पाहण्याची ७१ टक्के. नाशिकने १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये मोठे पूर पाहिले आहेत. २०१६ आणि २०१९ मध्ये अंतर किती, ते तुम्हीच बघा.

राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवं घर बांधता येत नाही. बाग, लॉन, मोकळं पार्किंग असे वापर चालतात. जुन्या अधिकृत बांधकामाचा पुनर्विकास जलसंपदा विभागाच्या ना-हरकतीने होऊ शकतो. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवं.

ही पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये दिलेली असते. समजा, तुमच्या प्लॉटसमोर लाल रेषा ५६२.४० आहे. सर्व्हेअरने ऑटो लेव्हल (पातळी मोजायचं यंत्र) लावून जवळच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेवरून मोजलं, तेव्हा प्लॉटची जमीन ५६०.९० आणि रस्ता ५६१.५० निघाला. जोतं हवं ५६२.८५. म्हणजे जमिनीपासून १.९५ मीटर, रस्त्यापासून १.३५ मीटर, जवळपास साडेचार फूट. रस्त्यापासून 'चांगलं अडीच फूट' घेतलं असतं, तर जोतं ५६२.२६ वर आलं असतं, पूररेषेच्या १४ सेंटिमीटर खाली. शिवाय रस्ता स्वतः स्थिर नसतो. दर डांबरीकरणाला तो थोडा वर येतो आणि तुमचं जोतं आपोआप बुटकं होत जातं.

रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, यावरून शहर पूर मोजतं. शहराला ते माप पुरतं, तुमच्या प्लॉटला पुरत नाही. नदी उताराने वाहते, त्यामुळे आनंदवल्लीची पूरपातळी वेगळी आणि तपोवनातली वेगळी. पातळी तुमच्या प्लॉटसमोरच्या नदीच्या आडव्या छेदाचीच मागून घ्या. शेजारच्या जुन्या भिंतीवर २००८ किंवा २०१९ च्या पाण्याची खूण असेल तर तीही लेव्हलने मोजून घ्या. खूण नकाशातल्या पातळीपेक्षा वर निघाली, तर खुणेवर विश्वास ठेवा. प्रवाहात प्लॉटच्या खालच्या अंगाला पूल असेल तर ०.४५ ऐवजी ०.६० मीटर धरा, असं आमचं मत आहे. पुरासोबत पाणवेली येतात, खांबांना अडकतात आणि पुलाच्या वरच्या बाजूला पाणी फुगतं.

कोणत्या प्रकारचं पाणी येणार, हेही पाहावं लागतं. शहरात गोदावरीचं पाणी वाहतं असतं: ढकलतं, पाया उकरतं, ओंडके आणून आदळतं. वेग दुप्पट झाला की ढकलण्याचा जोर चौपट होतो. सायखेडा-चांदोरीला नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा आहे. तिथे पाणी सावकाश चढतं आणि लवकर उतरत नाही, भिंती मुरत राहतात. नासर्डी आणि वाघाडीची तऱ्हा तिसरीच. शहरावर पडलेला पाऊस थेट त्यांच्यात उतरतो, त्यामुळे धरणातून विसर्ग सोडण्याआधी मिळते तशी सूचना तिथे मिळत नाही. वाहत्या पाण्याच्या जागी पाया आणि खांब यांवर पैसा घाला, साचत्या पाण्याच्या जागी भिंतीच्या सामानावर.

आता वरच्या उदाहरणातलं १.९५ मीटरचं जोतं. सवयीने सगळे भराव टाकतात. १०० चौरस मीटरच्या घराला १९५ घनमीटर दाबलेला भराव लागतो, म्हणजे ६९ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दबून कमी होणारा धरला तर ८५ ब्रासच्या आसपास मुरूम आणावा लागेल. एवढा भराव जोत्याच्या भिंतींना बाहेर रेटत राहतो, आणि तेवढंच पाणी शेजाऱ्याकडे जातं. म्हणून जोतं एक मीटरच्या वर जात असेल, तर भराव सोडा आणि घर खांबांवर उचला. अजून थोडी उंची वाढवली की खाली गाडी उभी राहते, आणि पाण्याला आरपार वाट मिळते. आयताकृती खांबांची लांब बाजू प्रवाहाच्या दिशेने ठेवा. मात्र मोकळा खालचा मजला भूकंपात कमजोर ठरतो. म्हणून जिना-लिफ्टभोवती काँक्रीटच्या शिअर वॉल, म्हणजे आडवा धक्का झेलणाऱ्या भिंती, दोन्ही दिशांना हव्यात, आणि हे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरने कागदावर मांडलेलं हवं. नंतर त्या मोकळ्या जागेत विटा लावून दुकान काढायचं नाही. अशा भिंती पाणी अडवतात, आणि त्यांच्यावरचा रेटा खांबांवर जातो.

भराव कमी उंचीचा असेल तर तो नीट करा. खणलेली काळी माती परत जोत्यात टाकणं ही सर्रास दिसणारी चूक. ती पाण्याने फुगते, वाळल्यावर आक्रसते, आणि पूर ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांत फरशी बसते. कडक मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, प्रत्येक थर कॉम्पॅक्टरने दाबून घाला. ट्रॉली उलटवून वरून पाणी सोडलं म्हणजे भराव 'बसला' असं होत नाही.

पाया काळ्या मातीवर किंवा भरावावर कधीच टेकवू नये. नाशकात बहुतेक ठिकाणी खाली मुरूम आणि त्याखाली बेसॉल्ट मिळतो, तिथवर जा. काठाजवळ राडारोडा टाकून सपाट केलेले प्लॉट असतात. तिथे निदान दोन-तीन चाचणी खड्डे घेतल्याशिवाय फुटिंगची (खांबाखालच्या पसरट पायाची) खोली ठरवू नका. वाहत्या पाण्याच्या जागी खांबाभोवतीची माती उकरली जाते, म्हणून फुटिंगचा तळ त्या उकरीच्याही खाली हवा, आणि सगळी फुटिंग जोत्याखालच्या बीमने बांधलेली हवीत. आलटून पालटून भिजणाऱ्या-वाळणाऱ्या काँक्रीटला आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक 'तीव्र' परिस्थितीत धरतं: किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आत, सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर (सळई झाकणारा काँक्रीटचा थर), आणि फुटिंगला ५०. साइटवर मात्र सगळीकडे २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक फिरताना दिसतात. ओतण्याआधी ब्लॉक हातात घेऊन मोजा.

घर उभं राहिलं की लोक पाणी आत येऊच द्यायचं नाही असं ठरवतात: दाराला लोखंडी पाट, कंपाउंडला पाच फुटी भिंत. इथे एक हिशेब बघा. एका बाजूला एक मीटर पाणी आणि दुसरी बाजू कोरडी असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर ५०० किलोचा रेटा येतो. दोन मीटर पाण्याला तो २,००० किलो होतो. नऊ इंची साध्या विटांची भिंत तीन फुटांच्या फरकापर्यंतच धरावी, साडेचार इंची तर त्याच्या कितीतरी आधी जाते. म्हणून पूरपातळीखालच्या बंदिस्त खोल्यांत, पंपाची असो वा सामानाची, पाणी मुद्दाम आत घ्यावं लागतं, म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहतो. यासाठी अमेरिकी नियमांचा ठोकताळा चांगला आहे. खोलीच्या दर चौरस मीटरला सुमारे ७० चौरस सेंटिमीटर उघडं तोंड, किमान दोन तोंडं वेगवेगळ्या भिंतींत, आणि तळ जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत. १२ चौरस मीटरच्या खोलीला ३० × १५ सेंटिमीटरची दोन तोंडं पुरतात. जाळी लावणार असाल तर आकार वाढवा, कारण जाळी जागा खाते आणि पाणवेलींनी बुजते.

कंपाउंडलाही हेच लागू. प्रवाहाला आडवी येणारी भिंत फूटभर ठेवा, वर खांब आणि लोखंडी ग्रिल. भरीव भिंत बऱ्याचदा पाणी चढताना टिकते आणि उतरताना पडते, कारण बाहेरचं पाणी गेलेलं असतं आणि आतली भिजलेली माती तिला रेटत असते. तीन इंची पाइप दर दीड-दोन मीटरवर भिंतीत सोडा आणि त्यांच्यामागे खडीचा थर ठेवा.

तळघर घेऊ नका. यावर आमचं दुमत नाही. तळाच्या स्लॅबच्या वर दोन मीटर पाणी चढलं तर खालून दर चौरस मीटरला दोन टनांची उचल येते, आणि २० सेंटिमीटरच्या स्लॅबचं वजन असतं अर्धा टन. जमिनीखालच्या टाकीचंही तसंच. आतून २ × २ × १.५ मीटरची, १५ सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची टाकी रिकामी असताना ८.८ टन भरते, आणि बुडाली की तिला ९.५ टनांची उचल मिळते. भोवतालची माती थोडी धरून ठेवते, पण चिंब मातीच्या भरवशावर राहू नये. पावसाळ्यात ही टाकी भरलेली ठेवा, तळाची स्लॅब चारी बाजूंनी २५-३० सेंटिमीटर बाहेर काढा म्हणजे तिच्यावर मातीचं वजन बसेल. झाकण आणि हवेचा पाइप पूरपातळीच्या वर हवेत, नाहीतर पिण्याच्या पाण्यात नदी येईल. अंगणातली हजार लिटरची रिकामी प्लास्टिक टाकी जवळपास एक टन जोराने वर उसळते. तिला पट्ट्यांनी चौथऱ्याला बांधा.

पाणी पहिल्यांदा दारातून येतं, असं सगळ्यांना वाटतं. पुष्कळदा ते संडासातून येतं. गटाराचं चेंबर भरलं की घाण उलटी चढून तळमजल्याच्या भांड्यातून आणि मोरीतून वर येते. त्यासाठी शेवटच्या चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात, तो पाणी फक्त बाहेर जाऊ देतो. त्यातही एक फसगत असते: वरच्या मजल्यांचं सांडपाणी त्याच पाइपात असेल, तर व्हॉल्व्ह बंद झाल्यावर वरच्यांनी सोडलेलं पाणी तळमजल्याच्या संडासातून बाहेर पडतं. तळमजल्याची लाइन वेगळी काढा आणि व्हॉल्व्ह फक्त तिच्यावर ठेवा. दर मे महिन्यात चेंबर उघडून व्हॉल्व्हचं झाकण साफ करा. एक चिंधी अडकली तरी व्हॉल्व्ह मिटत नाही.

विजेचं थोडक्यात सांगता येतं. मीटर, मेन स्विच आणि इन्व्हर्टर लाल रेषेच्या वर, वायरिंग छताकडून खाली उतरणारं, आणि पूरपातळीखालच्या पार्किंगचं सर्किट वेगळं, स्वतःच्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). लिफ्टचं पॅनेल वर आणि खड्ड्यात फ्लोट स्विच हवा, म्हणजे पाणी येताच लिफ्ट वरच्या मजल्यावर जाऊन थांबते.

सामान निवडताना एकच विचारा: आठ दिवस पाण्यात राहिलं तर याचं काय होईल? जिप्सम, पुट्टी, प्लायवूड, एमडीएफ यांचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. पूरपातळीखाली सिमेंटचा गिलावा, शहाबादी किंवा कोटा फरशी, काळ्या दगडाचं बांधकाम, दारांना डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण) किंवा लोखंडी चौकट. जुन्या नाशकातल्या वाड्यांची दगडी जोती कित्येक पूर पचवून उभी आहेत. ढासळतात त्या वरच्या मातीत बांधलेल्या भिंती, कारण भिजल्यावर मातीचा जोर जातो. वाडा दुरुस्त करणार असाल तर दगडाला हात लावू नका. मातीच्या भिंतीवर बाहेरून सिमेंट थापू नका, त्याने ओल आतच कोंडते. चुन्याचा गिलावा करा.

घर आधीच बांधलेलं असेल तर जोतं उचलता येत नाही. पण मीटर वर नेणं, व्हॉल्व्ह बसवणं, कंपाउंडला तोंडं पाडणं आणि टाकी बांधून ठेवणं या चार गोष्टी मेअखेरपर्यंत सहज होतात. पाणी येऊन गेल्यावर गाळ ओला असतानाच काढा, वाळला की तो खरवडावा लागतो. तळघर असेलच तर ते एका दमात उपसू नका. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते, आतलं पाणी गेलं की भिंती आत येतात. दिवसाला दोन-तीन फूट उपसा, आणि रात्रीतून पातळी परत वर आली तर थांबा, कारण बाहेरचं पाणी अजून उतरलेलं नाही. वीट इंचाला साधारण महिना घेऊन वाळते, तेव्हा नऊ इंची भिंतीला दिवाळीच्या घाईत रंग लावू नका. फुगून पोपडे येतील आणि ओल आत राहील ती वेगळीच.