तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईलवरचा धडा की वर्गातला?

"बाई, आता सगळं मोबाईलवर शिकता येतं, मग पोराला रोज शाळेत कशाला पाठवायचं?" असं पालक मला बऱ्याचदा विचारतात, आणि काही जण उलटं विचारतात, की मोबाईल पार बंदच करून टाकू का. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिथलंच सांगते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, मग जूनपासूनच्या नव्या वर्षात मी तिसरीला व्हॉट्सॲपवर धडे पाठवायचे, सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, फोन नव्हता त्या घरांना तोच आधार. तेव्हा एका मुलीची ऑनलाइन चाचणीत वजाबाकी सारखी चुकायची, मला नुसतं 'चूक' दिसायचं आणि मी परत परत तोच व्हिडिओ पाठवत राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये आमचे वर्ग भरले तोवर ती चौथीत गेलेली. शेजारी बसवून ५२ वजा ३८ दिलं तर तिने २६ लिहिलं. कसं केलंस गं? म्हणाली, "बाई, दोनातून आठ जात नाहीत ना, मग आठातून दोन घालवले." म्हणजे पोरीचं लक्ष नव्हतं असं नाही, ती तिचा नियम पक्का पाळत होती, नियमच चुकीचा होता! मग काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या, यातून आठ दे म्हटलं. जरा वेळ बघत बसली, मग एका गठ्ठ्याचं रबर सोडलं आणि माझ्याकडे बघून हसली. दीड वर्ष पाठवलेल्या व्हिडिओंनी जे झालं नाही ते दहा मिनिटांत झालं.

म्हणून शाळा हवीच. पण मोबाईलही मी सोडलेला नाही. पृथ्वी फिरते कशी हे फळ्यावर कितीही काढलं तरी स्थिरच राहतं, तिथे बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शिक्षणाच्या ॲपवर स्कॅन करते, चार-पाच मिनिटं दाखवते, मध्येच थांबवून 'आता रात्र कुठे होईल?' विचारते.

आणि दिवाळीनंतर दोन-तीन मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, त्यांना तर फोनशिवाय दुसरा धागाच नाही. एकजण रात्री कोपीवरून, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीतून, आईच्या फोनवर धडा वाचून पाठवतो, मागे ट्रॅक्टरचा आवाज असतो. जोडाक्षर आलं की अडखळतो. कुठली कुठली ते मी वहीत लिहून ठेवलंय, आला की शेजारी बसवून घेणार आहे.