दंडाच्या पावत्या

गेल्या शनिवारी ठाण्याहून आसनगाव लोकल पकडली तेव्हा पिशवीत दोन फायली होत्या. एक माझ्या एलएलबीच्या नोट्सची, दुसरी बाच्या वनहक्क दाव्याची.

आम्ही ठाकर आदिवासी. शहापूर तालुक्यात डोंगराच्या अंगाला आमची दीड एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन आहे. नाचणी, वरी, कडेला खुरासणी. आजा हद्द सांगायचा ती झाडांवरून. ह्या हिरड्यापासून त्या उंबरापर्यंत आपलं, पलीकडचं चुलत्याचं. सरकारी कागदावर मात्र ते सगळं वन. आमचा दावा नामंजूर झाला, कारण दोन शब्दांत दिलंय: ‘पुरावा अपुरा’. चौकशीला गेले तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने विचारलं, “तुमचं अतिक्रमण कधीपासूनचं?” त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याच्यासमोरच्या तक्त्यात त्या रकान्याचं नावच तसं होतं. मला मात्र कळव्याला खोलीवर पोचेपर्यंत घशातून शब्द फुटला नाही.

त्याच आठवड्यात संध्याकाळच्या वर्गात ऑस्ट्रेलियातला माबो खटला शिकवला. एडी माबो हा टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचा. टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात माळीकाम करायचा. आपली बेटावरची जमीन कायद्याने आपली नाहीच, ती ब्रिटिश राजसत्तेची, हे त्याला तिथल्या इतिहासकारांशी बोलता बोलता कळलं. त्याचा विश्वासच बसेना. बेटावरच्या प्रत्येक बागेची हद्द तिथल्या सगळ्यांना ठाऊक होती. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा त्यांच्या मालो देवाचा कायदा. १९८२ साली त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दावा लावला. ३ जून १९९२ ला निकाल लागला, की ‘ही भूमी कुणाचीच नव्हती’ हे गृहीतकच खोटं आहे. अडीचशेहून जास्त भाषा बोलणारी माणसं हजारो वर्षं ज्या खंडात नांदत होती, त्याला १७८८ पासून गोऱ्यांचा कायदा मोकळी जमीन समजत आला होता. माबो त्याच वर्षी जानेवारीत गेला. निकाल त्याला ऐकायला मिळाला नाही.

वर्गात तास इथेच संपला. मी घरी पुढचं वाचत बसले, आणि झोप उडाली ती त्या पुढच्यानेच.

मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा या आदिवासी लोकांनी माबोच्या निकालाच्या आधारावर आपली जमीन मागितली. १९९८ साली न्यायाधीशांनी म्हटलं, तुमच्या परंपरा इतिहासाच्या लाटेत वाहून गेल्या. २००२ मध्ये वरच्या न्यायालयानेही दावा फेटाळला. म्हाताऱ्या माणसांनी कोर्टात उभं राहून जे सांगितलं, त्यापेक्षा १८४० च्या दशकात तिथे मेंढ्या चारायला आलेल्या एका गोऱ्याच्या आठवणींना जास्त वजन मिळालं. एवढ्यावर थांबलं नाही. १८८१ साली यांच्याच पूर्वजांनी राज्यपालांकडे अर्ज केला होता, आमच्या जमिनी गेल्या, कसून खायला थोडी जमीन द्या म्हणून. तो अर्जसुद्धा पुरावा झाला, यांनी जुनी राहणी सोडली होती याचा. ज्यांना जास्त उखडलं, त्यांनीच जास्त हरायचं. मला हे अजून पचत नाही.

बाकडं मोकळं होतं म्हणून गाडीत बाची फाईल उघडली. सगळ्यात खाली प्लास्टिकच्या पिशवीत तीन पावत्या. जंगलात नांगर धरला म्हणून आजाने भरलेल्या दंडाच्या. आमच्याकडचा सगळ्यात जुना कागद हाच, आणि आता अपिलात सगळ्यात भक्कम पुरावाही हाच. आजाने त्या का जपल्या असतील? त्याला वाचता येत नव्हतं. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे जिल्ह्यात राब जाळायला (पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा भाजायला), लाकूड तोडायला बंधनं आली, तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला आयोग नेमावा लागला. तेव्हा आमच्या कुणी काय सांगितलं असेल, ते मला कुठल्या कागदात सापडणार? २००६ च्या वनहक्क कायद्याच्या सुरुवातीलाच ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द आहेत. मी ते पान दुमडून ठेवलंय.

त्या कायद्याच्या नियमांत जाणत्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा धरलाय. म्हणून संध्याकाळी ओट्यावर आजीला बसवलं.

“हिरडा कुणी लावला गं आजी?”

“माझा सासरा लहान होता तवा बी तो हुता.”

“आणि उंबर?”

“उंबर कुणी लावतंय व्हय? त्यो असतोच.”

मी जसंच्या तसं लिहीत गेले. कुठल्या वर्षी कुणी कुठे नाचणी केली, कुठल्या बांधावरून चुलत्याशी भांडण झालं आणि पंचांनी ते कसं मिटवलं, कोण पोर कुठे पुरलंय, सगळं. बा मध्येच म्हणाला, “एवढं कशाला, कोण वाचणार?” आजीने त्याला हातानेच गप्प केलं. वाघोबाच्या दगडापाशी आलो तेव्हा माझा कागद संपला. भाचीच्या गणिताच्या वहीतली मधली दोन पानं काढून घेतली आणि आजीला म्हटलं, “हं, दगडाच्या पुढे सांग.”