‘उंच’चं इंग्रजी: तिसऱ्या महिन्याची नोंद

किल्ल्यांची आणि नाशिक परिसराची माझी जुनी मराठी टिपणं इंग्रजीत आणायला घेऊन तीन महिने झाले. आतापर्यंत चौदा टिपणं हातावेगळी झाली. मागच्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे ‘उंच’ आला की थांबायचं आणि ते वाक्य मागच्या पानावर उतरवायचं, हा नेम पाळला. ‘उंच’ एकूण ६३ वेळा आला. त्यातल्या ५१ ठिकाणी पहिल्या खर्ड्यात मी ‘हाय’ लिहिलं होतं आणि उरलेल्या बारा ठिकाणी ‘टॉल’. आज पाहिलं तर ते ५१ निम्म्यावर आलेत. हे कसं झालं ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी बरेच जण याच शब्दाला अडतात.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. हाईट गेज, म्हणजे उंची मोजायचं उपकरण, हातात घेतलं की पहिला प्रश्न असतो, डेटम कुठला, म्हणजे शून्य कुठे धरून मोजायचं? सरफेस प्लेटच्या सपाट पृष्ठावर गेज शून्यावर आणल्याशिवाय उंचीच्या आकड्याला काही अर्थ नसतो. रोज आठ तास जे करते तेच शब्दांना लावून पाहायचं मला अडीच महिने सुचलं नव्हतं. इंग्रजीही तोच प्रश्न विचारते: माप कुठून घेताय? वस्तूच्या स्वतःच्या तळव्यापासून डोक्यापर्यंत मोजत असाल तर बहुधा ‘टॉल’. वस्तू किती वर आहे हे सांगायचं असेल, मग ते जमिनीपासून असो की समुद्रसपाटीपासून, तर ‘हाय’.

आपल्या जिल्ह्यातलं चोख उदाहरण मांगीतुंगीचं आहे. तिथली अखंड पाषाणात कोरलेली ऋषभदेवांची मूर्ती १०८ फुटांची. मूर्ती ‘टॉल’, पण ती आहे डोंगरावर, म्हणजे ‘हाय’ जागी. एकाच वाक्यात दोन्ही शब्द, दोन्हींचा डेटम वेगळा. मराठीत मी दोन्हीकडे ‘उंच’ लिहून मोकळी झाले होते. साल्हेरचंही तसंच. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. त्याला ‘हायेस्ट’ म्हणायचं. ‘टॉलेस्ट’ म्हटलं तर त्याची तटबंदीच आभाळाला टेकल्यासारखं वाटतं.

डोंगरांबाबत इंग्रजी हा फरक किती काटेकोरपणे वापरू शकते ते हवाई बेटांवरच्या मौना केआवरून कळतं. समुद्रसपाटीपासून तो ४२०७ मीटर, पण समुद्रतळातल्या पायथ्यापासून मोजला तर दहा हजार मीटरच्या वर जातो. म्हणून एव्हरेस्ट ‘हायेस्ट’ आणि मौना केआ ‘टॉलेस्ट’. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

डेटमचा नियम सापडला म्हणून दोन दिवस खुशीत होते. मग काळारामाच्या टिपणाशी अडले. मंदिराभोवतीची भिंत तिच्या पायापासूनच मोजतो ना? तरी इंग्रजीत भिंत ‘हाय’. कुंपण ‘हाय’, बांध ‘हाय’. मंदिराचं शिखर मात्र ‘टॉल’. इथे डेटम कामाला येत नाही, बांधा पाहावा लागतो. रुंदीच्या मानाने शेलाटी, उभी वस्तू असेल तर ‘टॉल’: माणूस, ऊस, निलगिरी, कारखान्याचं धुराडं, सरबताचा पेला. पसरट वस्तू असेल तर ‘हाय’. माणसाला तर काहीही झालं तरी ‘टॉल’च. तीन फुटांचं पोरसुद्धा ‘थ्री फीट टॉल’.

तपासणीची एक पद्धत सापडली आहे आणि ती सगळ्यांना मनापासून सुचवते. इंग्रजी वाक्य घरातल्या कुणाला तरी द्यायचं आणि चित्र काढायला सांगायचं. माझी लेक नववीत आहे. पंचवटीतल्या मामांच्या वाड्याबद्दल मी लिहिलं होतं की माजघराला एकच उंच खिडकी होती आणि तिच्यातून दुपारी उन्हाचा पट्टा यायचा. खिडकीला ‘टॉल’ लावलं होतं. तिने जवळजवळ दाराएवढी खिडकी काढली, जमिनीपासून वर गेलेली. म्हटलं, अगं, ही एवढीशी होती, पार आढ्याजवळ. ती म्हणाली, “मग आई, तू हाय विंडो लिही ना.” बरोबर होतं तिचं. ‘टॉल विंडो’ म्हणजे खिडकीच लांबलचक, ‘हाय विंडो’ म्हणजे वर बसवलेली. माझं माजघर एका शब्दाने दिवाणखाना झालं होतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गोदाकाठच्या एका वाक्यावर. नाशिकमध्ये पूर फुटांत कुणी सांगत नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं ते सांगतात: गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. माझं वाक्य होतं, “पाणी मारुतीच्या कमरेइतकं उंच चढलं.” अवयवावरून माप द्यायचं तर इंग्रजी ‘हाय’ जोडते: ‘नी-हाय’, ‘वेस्ट-हाय’. ‘टॉल’ इथे चालतच नाही. ‘वेस्ट-हाय’ लिहिलं आणि पुढे निघाले. पण त्याच परिच्छेदात मारुती पाण्यात उभा होता, आणि तिथे इंग्रजी म्हणते ‘वेस्ट-डीप’. पाणी तेच, कंबर तीच. काठावरून पाहिलं तर उंची, पाण्यात उभं राहून पाहिलं तर खोली. सार्वजनिक वाचनालयात जाऊन शब्दव्युत्पत्ती चाळली तेव्हा कळलं की ‘आल्टिट्यूड’ ज्या लॅटिन ‘आल्टुस’वरून आला त्या शब्दाचे उंच आणि खोल असे दोन्ही अर्थ होते. त्या दिवशी मी ते पान बराच वेळ मिटलं नाही. शेवटी दोन वाक्यं केली. पहिल्यात पाणी ‘वेस्ट-हाय’ चढतं, दुसऱ्यात मारुती ‘वेस्ट-डीप’ उभा आहे. तीन महिन्यांतलं माझं सर्वांत आवडतं काम हेच.

बाकीच्या शब्दांचं थोडक्यात. ‘स्टीप’ हा जुन्या इंग्रजीत उंच याच अर्थाचा होता, उताराचा अर्थ त्याला नंतर चिकटला. हरिहर किल्ल्याच्या कातळातल्या पायऱ्यांना मी ‘हाय स्टेप्स’ लिहिलं होतं. तिथे पायरीची उंची नव्हे, चढाचा उभेपणा सांगायचा होता, म्हणून ‘स्टीप’ केलं. ‘एलिव्हेटेड’ म्हणजे कुणीतरी किंवा कशानेतरी वर उचललेलं, नेहमीपेक्षा चढलेलं. मुंबई-आग्रा महामार्गावरचा आपला उड्डाणपूल ‘एलिव्हेटेड’, रक्तदाब ‘एलिव्हेटेड’, लासलगावचे कांद्याचे चढे भावही. डोंगराला तो शब्द लावायचा नाही. ‘टॉल’चं मूळ मात्र चकित करणारं आहे. जुना अर्थ चपळ, तत्पर असा होता, पुढे देखणा आणि शूर झाला, आणि उंचीचा अर्थ सोळाव्या शतकात आला.

‘लॉफ्टी’ पूर्वी मला नुसता पुस्तकी वाटायचा. तो ‘लॉफ्ट’चा नातलग, आणि ‘लॉफ्ट’ म्हणजे आपला माळा. त्याचं मूळ जुन्या नॉर्समध्ये आहे, तिथे हवा, आभाळ आणि वरची खोली असे अर्थ होते. म्हणून त्यात उंचीबरोबर थोडी हवा खेळते, थोडा आदर असतो. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. आकडा देताना तिथे ‘हायेस्ट’च. पण पहाटे बारी गावातून ती धुक्याच्या वर दिसली होती, त्या वाक्यात ‘लॉफ्टी’ ठेवला. ६३ पैकी फक्त एकदाच. दुसऱ्यांदा वापरला असता तर पहिल्याचीही किंमत गेली असती असं माझं स्पष्ट मत आहे.

माणसांच्या थोरवीला मात्र जपून. कुसुमाग्रजांविषयी एका टिपणात ‘उत्तुंग व्यक्तिमत्त्व’ होतं. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘टॉल लीडर’ सर्रास छापून येतं, पण परक्या वाचकाला त्यात अंगकाठी दिसते. ‘टॉवरिंग’ केलं. मनोऱ्यासारखं आजूबाजूच्यांच्या वर उठलेलं, हा अर्थ तिथे नेमका बसतो.

अजून सात वाक्यं अडली आहेत. ‘उंचापुरा’ हा त्यातला सगळ्यात हट्टी. नुसतं ‘टॉल’ केलं की भरदारपणा जातो, आणि ‘टॉल अँड वेल-बिल्ट’ केलं की एका श्वासाचा शब्द वर्णन होऊन बसतो. दुसरं ‘उंची अत्तर’. इथे डेटमच पैशाचा आहे, म्हणून ‘हाय’ही नको, सध्या ‘फाइन’ लिहून पेन्सिलने खूण केली आहे. कुणाकडे या दोघांसाठी काही असेल तर कळवा, वाक्यासकट. पुढच्या महिन्यात साल्हेरचं मोठं टिपण घेतेय, १६७२ च्या लढाईचा भाग धरून. त्यात ‘उंच’ एकोणीस वेळा आहे, मोजून ठेवलाय.