उठायला जागा

चैत्री पौर्णिमेला सहा दिवस राहिले की आमच्या दुकानासमोरचा रस्ता बदलतो. एरवी मुंबई-आग्रा महामार्ग म्हणजे ट्रक, कंटेनर, डिझेलचा वास. त्या आठवड्यात मात्र भगव्या झेंड्यांच्या दिंड्या सुरू होतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, सगळा खान्देश पायी सप्तशृंगीच्या गडाकडे निघतो. ती आमची माहेरवाशीण, खान्देश तिचं माहेर. एप्रिलात आमच्याकडे पारा 42-43 वर जातो, डांबर चपलेला चिकटतं, तरी लोक चालतात. पहाटे चालायचं, दुपारी झाडाखाली किंवा मंडपात पडायचं, ऊन उतरलं की परत निघायचं.

मी 26 वर्षं कुशनचं काम करतो. ट्रकच्या सीटा, ट्रॅक्टरच्या गाद्या, मोटारसायकलची कव्हरं, ताडपत्र्या. बॅगा माझ्याकडे चेन बदलायला येतात तेवढंच. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला एक कॉलेजातला मुलगा आजीला घेऊन आला आणि टेबलावर एक बॅग ठेवली. पाठीवर घ्यायची सॅक, पण मागच्या बाजूला घडीचा सांगाडा. उघडला की सॅकचं स्टूल होतं, वर गादी, खाली सामान. मुलाने ऑनलाइन मागवली होती. आजी 18 वर्षं गडावर पायी जात होती, दोन वर्षांपासून गुडघे धरले होते. वाटेत बसायला सोय व्हावी म्हणून नातवाने स्वतःच्या पैशाने घेतलेली. दोन दिवस घरी वापरून बघितली आणि तिसऱ्या दिवशी आजी अंगणात पडली. कोपराला खरचटलेलं, त्यावर हळद लावलेली दिसत होती.

आजी म्हणाली, “भाऊ, हाई थैली माले धोका दी गई.”

दिंडी दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघणार होती.

मी बॅग खोलली. चूक शोधायला वेळ लागला नाही. सांगाडा म्हणजे फुलीसारखे एकमेकांत अडकवलेले दोन पाइप, मधे रिव्हेट. पाइप पोकळ आणि पातळ, रिव्हेट ठोकताना तो तिथेच चेपला होता. फुलीच्या घडीत सगळा जोर मधल्या भोकावरच येतो. भोकाच्या कडेपासून केसाएवढी चीर निघून अर्ध्या पाइपाला वेढा घालून गेली होती. गादीतला फोम बोटभरही नव्हता, दाबला की अंगठ्याला पाइप लागायचा. कापड पाइपाभोवती गुंडाळून एकाच शिलाईने शिवलेलं. घडीच्या स्टुलात कापड नुसतं पांघरूण नसतं, ते ताणून धरतं म्हणूनच पाय फाकून पडत नाहीत. तिथे एक शिलाई म्हणजे माणसाचा जीव दोऱ्यावर टांगणं आहे. विकणाऱ्याचा मला मनापासून राग आला. गादी मऊ दिसते, फोटो छान येतो, पण तिच्यावर बसणार कोण याचा विचार कुणीच केलेला नव्हता.

मी म्हटलं, पाइप बदलतो, फोम बदलतो, शिलाई नवी मारतो, संध्याकाळी न्या. मुलाला हायसं वाटलं. आजी मात्र तशीच उभी. मग तिने जे सांगितलं त्याने माझा हात थांबला.

“बसाले जागा कोठेबी भेटस भाऊ. उठाले जागा भेटत नही.”

पाइप मोडला म्हणून ती पडली नव्हती. पडली ती उठताना. पाइप नंतर मोडला, तिच्या अंगाखाली.

आयुष्यभर मी बसणाऱ्याचाच विचार केला होता. ड्रायव्हरची कंबर, मांडीखालची कड, पाठीचा बाक. ट्रकमधून उतरताना तो दांड्याला धरून उतरतो, त्यामुळे उठण्याचा प्रश्न माझ्यापर्यंत कधी आलाच नाही. मी दुकानातलं लाकडी स्टूल पुढे केलं आणि म्हटलं, “माय, बस. आते जरा उठीसन दखाड ना.”

ती बसली. उठताना तिने आधी दोन्ही पाय मागे ओढले, टाचा स्टुलाच्या खाली गेल्या. मग दोन्ही हात कडेला टेकले, डोकं गुडघ्यांच्या पुढे नेलं आणि हुंकार देत उठली. मी दोनदा उठायला लावलं. तिसऱ्यांदा मी तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसलो आणि फक्त पायांकडे बघितलं. टाच मागे गेल्याशिवाय तिचं अंग वर येतच नव्हतं. मग स्वतः करून बघितलं. पाय पुढे ठेवून खुर्चीतून उठायचं म्हटलं तर धडधाकट माणसालाही झटका द्यावा लागतो.

आणि या बॅगेत स्टुलाच्या खाली काय होतं? भरलेली सॅक. ती टाचांच्या आड येत होती. आजी पाय पुढे ठेवून उठायला गेली, जोर मागे गेला आणि स्टूल पाठीमागे सरकलं. त्यातच स्टुलाची उंची जेमतेम 11 इंच. गुडघा दुखणाऱ्या माणसाला 11 इंचावर बसवणं म्हणजे खड्ड्यात बसवणं.

मी टेप घेऊन तिचं माप घेतलं. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंत 16 इंच. सीट 17 वर हवी असं मी ठरवलं, म्हणजे उठताना एक इंच आधीच वर.

आता पाइप. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे लोखंडी पाइप होता. हिशेब केला तर एकूण 12 फूट पाइप लागणार, नुसता सांगाडा दोन किलोच्या आसपास. बॅग नातू घेईल का, असं मी विचारलं. आजीला ते अजिबात पटलं नाही. “मनं वझं मीच लई जासू. देवीले काय सांगू, वझं पोऱ्याना डोकावर दिधं?” मग लोखंड बादच. ॲल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ येतं, पण आमच्या शेजाऱ्याकडे त्याचं वेल्डिंग होत नाही, आणि पाइप वाकवायला गेलं की चेपतो.

दुपारी जेवायला घरी गेलो तेव्हा माळ्यावर नजर गेली. तिथे माझ्या आईचा वॉकर आहे. आई जाऊन दोन वर्षं झाली. शेवटची चार वर्षं ती त्या वॉकरवर होती. त्याआधी तीही गडावर जायची. एका वर्षी म्हणाली, आता नाही जमत, आणि मी म्हटलं, नको जाऊ, टीव्हीवर बघ. मी कुशनवाला, तिचा मुलगा, आणि तिला वाटेत बसता-उठता येईल असं काही करता येईल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. जेवणाचं ताट तसंच ठेवून मी स्टूल घेतलं आणि वॉकर खाली काढला.

वॉकर नीट बघितला आहे का कधी? दोन बाजूंना दोन उलटे ‘यू’, हलक्या ॲल्युमिनियमचे, एक इंची. वाकवणं आधीच झालेलं. खाली रबरी बूट, आणि उंची कमी-जास्त करायला बटणाची भोकं. दोन यू एकमेकांत फुलीसारखे ठेवले की स्टूल तयार. बायको दारात उभी होती. तिने काही विचारलं नाही, फक्त फडका आणून धूळ पुसून दिली.

दुकानात एक राजस्थानी ड्रायव्हर सकाळपासून सीटसाठी थांबला होता. त्याला म्हटलं, तुझं काम रात्रीवर जाईल. तो म्हणाला, आधी माताजींचं करा. मग तोच पाइप धरायला बसला.

पाय 22 इंचावर कापले. तिरके उभे राहिले की सीट 17 इंचावर येते. मधल्या भोकाची भीती होती, सकाळची चीर डोळ्यांसमोर होती. म्हणून भोक पाडण्याआधी पाइपाच्या आत सागाचा गोल तुकडा तासून घट्ट ठोकला. आता बोल्ट कितीही आवळला तरी पाइप चेपणार नाही. दोन बोल्ट, दोन्हीकडे वायसर, आणि सैल न होणारे नायलॉनचे नट. दोन्ही यू एकाच मापाचे असल्याने एक जरा बाजूला सरकवून बसवला, पाइपाच्या जाडीएवढा. रबरी बूट शेतातल्या भुसभुशीत मातीत रुतले असते, म्हणून दोन-दोन पाय खालून आडव्या पट्टीने जोडले. आता पट्टी जमिनीवर आडवी पडते, रुतत नाही.

सीटला कापड लावलंच नाही. भंगारातल्या गाड्यांचे सीट बेल्ट माझ्याकडे पोतंभर असतात. दोन इंच रुंद, धडकेत माणसाला धरून ठेवायला विणलेले. त्याच्या चार पट्ट्या या पाइपापासून त्या पाइपापर्यंत ताणल्या, प्रत्येक टोकाला चौकोन शिवून आत फुलीची शिलाई. मशीनची सुई दोनदा तुटली. आडवे पाइप डाव्या-उजव्या बाजूला घेतले. त्यामुळे मांडीखाली पाइप येत नाही, आणि उठताना दोन्ही हात थेट पाइपावर पडतात.

गादीबद्दल मी कुणाचं ऐकत नाही. लोक अंगठ्याने दाबून फोम घेतात, पण अंगठ्याचं वजन किती आणि माणसाचं किती! मऊ फोम पाच मिनिटांत तळाला टेकतो. मी खाली एक इंच रिबाँडेड टाकला, फोमचे तुकडे दाबून केलेला, दगडासारखा. वर अर्धा इंच 40 डेन्सिटीचा. म्हणजे एका घनमीटरला 40 किलो भरेल असा, दाबला तरी परत वर येणारा. रेक्झिन मुद्दाम टाळलं. एप्रिलच्या उन्हात रेक्झिनची सीट तव्यासारखी तापते, हे आमच्या भागातल्या कुठल्याही मोटारसायकलवाल्याला विचारा. फिकट रंगाचं सुती कॅनव्हास लावलं. चालताना हीच गादी पाठीशी येते, म्हणून त्या आतल्या बाजूला ईव्हीएची, म्हणजे चपलेच्या तळाला असतो तसल्या फोमची पातळ शीट घातली, घाम फोममध्ये मुरू नये म्हणून.

राहिली सॅक. ती मी उसवून अर्धी केली. खालचा भाग पुढून तिरका कापला, नावेच्या नाकासारखा, म्हणजे स्टूल उघडल्यावर पिशवी मागच्या बाजूला लटकते आणि पुढे टाचांना वाट मोकळी राहते. आजीचं सामान ते किती? दोन लुगडी, औषधाची पिशवी, हळद-कुंकू, खणनारळ, भाकरीचं फडकं. सगळं मावलं. शेजारच्या भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवली तर रिकामी बॅग 1 किलो 900. सकाळची मूळची 2 किलो 600 होती.

रात्री साडेनऊला आधी मी बसलो, मग ड्रायव्हर बसला, मग शेजारचा वेल्डर, तो 95 किलोचा. पाइप कुरकुरलासुद्धा नाही. साडेदहाला आजी आणि नातू आले. शटर अर्धं खाली होतं. ती बसली. दोन्ही हातांनी पाइप चाचपला. पाय मागे ओढले, टाचा आत गेल्या, आणि ती उभी राहिली, हुंकार न देता. मग काही न बोलता परत बसली. परत उठली. असं पाच वेळा. नातू हसत होता आणि मी टेबलावरची कात्री उगाच इकडची तिकडे ठेवत होतो.

पैसे मी घेतले, मुलाने नाही म्हणू दिलं नाही. पाइपाचे मात्र घेतले नाहीत. कुठला आहे ते आजीला सांगितलं. तिने तो पाइप कपाळाला लावला.

पहाटे पाचला मी दुकानासमोर उभा होतो. दिंडी आली, पुढे झेंडा, मागे बायकांची रांग, टाळ आणि पाण्याचा टँकर. आजी मधे कुठेतरी होती, पाठीवर माझ्या आईच्या वॉकरची घडी. आर्वी, झोडगे, मालेगाव, मग देवळा, कळवण, नांदुरी. मला हे टप्पे पाठ आहेत, आईच्या तोंडून. ती थांबली नाही, मीही हाक मारली नाही.

पौर्णिमेनंतर आठवड्याने ती स्वतः रिक्षाने आली. गडावरचा प्रसाद, कुंकवाची पुडी. सोबत तिच्याच गल्लीतल्या दोन बायका, दोघींच्या गुडघ्यांना पट्टे. मी विचारलं, कसं झालं. तिने बॅग टेबलावर ठेवली आणि ब्लाउजची बाही वर सरकवून खांद्यावरचा लाल वळ दाखवला.

“भाऊ, हाऊ पट्टा खांदाले काचस.”

पट्टा जुन्याच बॅगेचा होता, अरुंद, कडेला कडक शिलाई. घाईत तो मी तसाच ठेवला होता. मी चष्मा लावला, ब्लेड घेतलं आणि उसवायला सुरुवात केली. मग टेप उचलून त्या दोघींना म्हटलं, “बसा माय, आधी उठून दाखवा.”