तुम्ही विचारलंत म्हणून: टेकडी आली कुठून?

टेकडीच्या गणपतीला, म्हणजे सीताबर्डीच्या टेकडीवरच्या देवळात, मंगळवारी रांग मोठी असते. मी भूशास्त्र शिकवायचे हे ओळखीच्या लोकांना माहीत आहे, म्हणून त्या रांगेत गेल्या वीस वर्षांत कितीदा तरी हाच प्रश्न आला आहे. "मॅडम, सगळं नागपूर सपाट, मंग हे टेकडी इथंच कशी वर आली असंन?" कोणी हळूच विचारतं, खाली ज्वालामुखी तर नाही ना? रांग पुढे सरकते आणि उत्तर अर्धंच राहतं. आज पूर्ण सांगते.

टेकडी वर आलेली नाही. ती होती तिथेच आहे, भोवतालचं सगळं खाली गेलं. सीताबर्डीच्या किल्ल्याकडे बघताना आपण दगड पाहतो. मी विद्यार्थ्यांना म्हणायचे, दगड नंतर पाहा, आधी समोरच्या रेल्वे स्टेशनच्या वरची मोकळी हवा पाहा. तिथेही दगडच होता. टेकडीचे थर आडवे आहेत, आणि आडवा थर असा मध्येच हवेत संपत नाही. तो पुढे पसरलेला होता. सेमिनरी हिल्सचा माथा टेबलासारखा सपाट का, याचंही कारण तेच.

हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो डोंगराच्या तोंडातून उडाला नाही, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वाहत आला आणि थरावर थर साचत गेला. सह्याद्रीत त्याची जाडी दीड-दोन किलोमीटर भरते. पूर्वेकडे तो पातळ होत जातो, आणि नागपूर नेमकं त्याच्या काठावर बसलं आहे. दोन लाव्ह्यांच्या मध्ये हजारो वर्षं शांततेची गेली, तेवढ्यात पाऊस पडला, तळी भरली, गोगलगाई जगल्या. त्या तळ्यांचा गाळ पुढच्या लाव्ह्याखाली दबला. आपल्या टाकळीला असे गोड्या पाण्यातले शंख आणि वनस्पतींचे अवशेष दगड झालेले सापडले. ते जगापुढे आणले स्टीफन हिस्लॉप यांनी. 1845 मध्ये नागपूरला आलेला हा स्कॉटिश मिशनरी सुटीच्या वेळात हातोडी घेऊन टेकड्या पालथ्या घालत असे. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून रात्री परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. हिस्लॉप कॉलेजवरून रोज जाणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगायचे. या मातीचा इतिहास ज्याने वाचायला सुरुवात केली, त्याला इथल्याच पाण्याने नेलं.

मग स्टेशनवरचा दगड गेला कुठे? पाण्याबरोबर गेला, पण दगडाच्या रूपात नाही. घराचा पाया खणताना पाहिलं असेल, काळा दगड कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो. पाणी भेगांत शिरतं, खनिजं सडवतं, कडा गोल करतं. बाहेरच्या पापुद्र्यांचा मुरूम होतो, मुरमाची काळी माती, आणि मातीला एक चांगला पाऊस पुरतो. शंभर वर्षांत एक मिलिमीटर गेला असं समजा. मोजता येणार नाही इतकं कमी. पण दहा लाख वर्षांत तेच दहा मीटर होतात, आणि 6 कोटी 60 लाख वर्षांत 660 मीटर. प्रत्यक्षात वेग जागोजागी वेगळा असतो, कुठे दगड घट्ट, कुठे भेगांचा. जिथे घट्ट होता तिथे टेकडी उरली.

नदीचं काम रोज सारखं चालतं असं मात्र समजू नका. वर्षाचे अकरा महिने ती जवळजवळ काही करत नाही. 2023 च्या सप्टेंबरात, 23 तारखेच्या पहाटे, काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी आमच्या गल्लीत आली. घरात कमरेइतकं पाणी होतं. माझ्या वर्गाच्या तीस वर्षांच्या वह्या खालच्या कपाटात होत्या, त्या गेल्या. पाणी ओसरल्यावर फरशीवर चार बोटं जाड गाळ होता. शहराची सगळी घाण त्यात होती, वास दोन आठवडे गेला नाही. तरी मी चिमूटभर घेऊन बोटांत चोळला. रेतीचा कण लागेना, नुसता चिकट आणि काळा. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे रेती ज्याची बनते ते टणक खनिज, नसतो, म्हणून त्याची माती होते, रेती होत नाही. नाग उगम पावते वाडीकडे, लावा नावाच्या गावाजवळच्या टेकड्यांत. तिकडचा डोंगर माझ्या बैठकीत येऊन बसला होता. शेजारच्या काकू रडत होत्या, मीही रडले, पण त्या गाळाचा मला राग आला नाही. राग आला तो आपण नदीला नाला म्हणतो याचा. नाला म्हटलं की तिच्या पुराच्या जागेत भिंत बांधताना हात थरथरत नाही.

आता कन्हानची रेती आठवा. नागपुरातली घरं त्या रेतीवर उभी राहिली. कन्हान छिंदवाड्याकडून सातपुड्यातून येते आणि वाटेत जुने, क्वार्ट्झचे खडक कापते, म्हणून तिच्या पात्रात रेती. कुठला डोंगर झिजतो आहे ते नदीच्या हातात काय आहे यावरून कळतं. ते शेतातही दिसतं. माझे वडील काटोलकडचे, काळी जमीन, कापूस आणि संत्री. आई भंडाऱ्याकडची, धान आणि तलाव. तिच्या माहेरी लाव्हा नाही, फार जुना पट्टेदार खडक आहे, पाणी वरच अडवून ठेवावं लागतं. लग्नात पंगतीला भाकरी की भात यावरून दोन्हीकडच्यांचा वाद झाला होता म्हणे. मला पुढे कॉलेजात नकाशा पाहताना कळलं की त्या वादाची रेघ नागपुरातून जाते.

इथपर्यंत ऐकून एक हुशार मुलगी दरवर्षी विचारायची, सगळं झिजतंच आहे तर कोट्यवधी वर्षांत जमीन पाटासारखी का झाली नाही? हा खरा प्रश्न. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. नागपूर समुद्रसपाटीपासून 310 मीटरच्या आसपास. एवढ्या लांबच्या वाटेवर उतरायला फक्त तीनशे मीटर, म्हणून आपल्या नद्या संथ आणि वळणाच्या. उतार संपला की नदीचं कापणंही संपायला हवं. ते संपत नाही, कारण जमीन वर येते.

वैनगंगेवर पोत्यांनी भरलेला डोंगा पाहा. काठाला लागून पोती उतरवली की डोंगा वर उचलला जातो. भूकवच खालच्या जड खडकावर असंच तोललेलं आहे. नद्यांनी शंभर मीटर जाडीचा दगड नेला, तर जमीन ऐंशीएक मीटर सावकाश परत वर येते. म्हणजे नदी जितकं नेते त्यातलं बरंच खालून भरून येतं, आणि तिला पुन्हा कापायला उतार मिळतो.

याच्या जोडीला उत्तरेकडे दुसरं काही घडलं आहे. लहानपणी वडिलांबरोबर मी महाशिवरात्रीला पचमढीला जायचे, चौरागडावर त्रिशूळ घेऊन चढणारी माणसं, "हर बोला महादेव"चा गजर. पायऱ्यांच्या कडेच्या खडकात तिरप्या रेघा असायच्या. वडील म्हणायचे महादेवाच्या जटा. खूप वर्षांनी शिकले, वाहत्या पाण्याने रेती ढकलत नेताना पडलेल्या त्या रेघा आहेत. सातपुड्यातलं सर्वात उंच शिखर धूपगड, 1350 मीटर, हे नदीच्या रेतीचं आहे. त्याच गोंडवन कुळातला, म्हणजे लाव्ह्याच्या कितीतरी आधी नद्यांनी साचवलेल्या थरांतला, वालुकाश्म आपल्या कामठी-सिलेवाड्याला मैदानात आहे, त्या कुळातले कोळशाचे थर जमिनीखाली. नदी रेती टाकते सखल जागी. ती जागा आज ढगात आहे. सातपुड्याचा पट्टा उचलला गेला, दोन्ही बाजूंनी नर्मदा आणि तापी खचलेल्या जमिनीतून पश्चिमेला गेल्या, आणि उचललेल्या पट्ट्यात ओढ्यांनी दऱ्या कोरल्या. तेव्हा सीताबर्डीची टेकडी उरलेली, आणि महादेवाचा डोंगर आधी उचललेला, मग कोरलेला. जटा म्हणणारे वडील मला अजूनही चूक वाटत नाहीत, जटेतूनही पाणीच वाहतं.

हे उचलणं संपलेलं नाही. 22 मे 1997, मध्यरात्र उलटून तासाभराहून थोडा जास्त वेळ झाला होता. उन्हाळा म्हणून आम्ही गच्चीवर झोपलो होतो. खाट हलली, खाली मांडणीवरची भांडी वाजली. जबलपूरजवळ 5.8 रिश्टरचा भूकंप झाला होता, तिकडे माणसं गेली. भारताचं भूपट्ट वर्षाला पाचएक सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतं, हिमालयाला रेटतं, आणि तो ताण नर्मदेच्या जुन्या भेगांवरही येतो. त्या रात्री जमिनीखाली सुमारे 35 किलोमीटरवर अशीच एक भेग सरकली आणि सातपुड्याकडची बाजू किंचित वर चढली.

वडील उठून बसले होते. "काय होतं व माय ते?"

"बाबा," मी म्हटलं, "महादेवाचा डोंगर."