लेखकाच्या मृत्यूचा दाखला

जुन्या कादंबरीवरून मालिका लिहायच्या खटाटोपात असाल तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: कुठल्याही पोर्टलवर ‘हक्कधारक’ या रकान्यात मूळ लेखकाचं नाव घालू नका. मी घातलं.

कादंबरी होती ‘मंजुघोषा’. नारो सदाशिव रिसबूड यांची, १८६८ ची. मराठी कादंबरी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. ‘मंजुघोषा’त नायिका मंजुघोषा, नायक वसंतमाधव, आणि चक्क विमान. भाषा अशी की एक वाक्य संपेपर्यंत चहा गार होतो. पण मला ओढलं ते प्रस्तावनेनं. रिसबूड तिथे सरळ कबूल करतात की आपल्या हिंदू लोकांच्या जगण्यात, विशेषतः लग्नाच्या रीतीमुळे, गोडी वाटावी असं काही घडतच नाही. रोजचंच लिहिलं तर कोण वाचणार? म्हणून करमणूक करायची तर अद्भुताकडे वळणं भाग आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस आपण फँटसी का लिहितो ते असं तोंडावर सांगतो! मी तोच पहिला प्रसंग केला: दिव्याखाली लिहीत बसलेला गृहस्थ, आतल्या खोलीत चाललेली मुलीच्या लग्नाची बोलणी, आणि कागदावर उतरणारं विमान.

पटकथेला सात महिने लागले. त्यातलं एकच सांगण्यासारखं आहे. ‘चंद्रमुखी’, ‘कमलनयना’ ही विशेषणं कॅमेऱ्यापुढे निरुपयोगी. नटी विचारणारच, ही बाई सकाळी उठून करते काय? मी मंजुघोषेला विमानाची कळ फिरवायला लावली. तिथून पुढे ती आपोआप बोलायला लागली.

कथा आवडली, मीटिंगा झाल्या, पैशाचं ठरलं. मग फाइल मालिका काढणाऱ्या कंपनीच्या लीगल विभागात गेली आणि अडीच महिने तिथेच बसली.

त्यांचं एक पोर्टल होतं. मूळ साहित्यकृतीचं नाव, हक्कधारकाचं नाव, मग ‘लेखक हयात / मयत’. मयत निवडलं की मृत्यूची तारीख आणि दाखल्याची पीडीएफ, दोन्हींवर लाल चांदणी. कॅलेंडर उघडलं तर १९५० च्या मागे जाईना. त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही, पोर्टल बंद केलं आणि लीगलला फोन लावला.

‘‘सर, ऑथरचं डेथ सर्टिफिकेट लागेल.’’

‘‘मॅडम, पुस्तक अठराशे अडुसष्टचं आहे.’’

‘‘हो सर, पण कॉलम मँडेटरी आहे ना.’’

‘‘अहो, जन्म-मृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदाच १९६९ चा आहे.’’

‘‘मग वारसांचं एनओसी चालेल, सर.’’

बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यापुढे कोरा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय त्यांचं काम पुढे सरकत नव्हतं. पण तेव्हा एवढा समजूतदारपणा माझ्यात नव्हता. मी चिडून टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीपासून फेसबुकपर्यंत सगळे रिसबूड धुंडाळले. एका आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘तुम्हाला पुस्तकाचा वारस हवाय की आडनावाचा?’’ मी फोन ठेवला. ते एनओसी द्यायलाही तयार झाले असते कदाचित, आणि तेच जास्त धोक्याचं. ज्याचा हक्कच नाही त्याची परवानगी घेतली की हक्क होता असं आपणच लिहून दिल्यासारखं होतं.

यात मधेच एक आठवलं. तुम्ही वाचता ती प्रत नवी, संपादित आवृत्ती असेल तर संपादकाची प्रस्तावना, टिपा, त्यानं केलेला संक्षेप यांतलं काही उचलू नका. मूळ मजकूर सगळ्यांचा झाला तरी ते त्याचंच असतं. मी जुन्या छापील प्रतीची पानं फोटो काढून घेतली होती. ती इतकी ठिसूळ झालेली की पान उलटताना कोपरा हातात यायचा. मालिकांचंही तसंच. ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी १८८८ ची, तिचे लेखक देवकीनंदन खत्री १९१३ साली वारले, त्यामुळे कादंबरी मोकळी. पण १९९४ च्या मालिकेतला क्रूरसिंगचं ‘यक्कू’ हे पालुपद त्या मालिकेचं, ते उचललंत तर मारामारी.

सुटका झाली ती मित्राच्या काकांमुळे. काका निवृत्त वकील. त्यांनी माझी फाइल उघडलीही नाही. ‘‘अमुक पुस्तक सार्वजनिक झालं असा दाखला देणारी खिडकी आपल्याकडे नाही, तेव्हा शोधणं बंद कर,’’ म्हणाले. ‘‘आता गणित कर. कॉपीराइट कायदा काय म्हणतो? लेखक वारला त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. आधी ५० होती. रवींद्रनाथांची ५० वर्षं १९९१ ला संपत आली तेव्हा वाढवली. बरं, तुझ्या लेखकानं कादंबरी पंधराव्या वर्षी लिहिली असं धर.’’

‘‘काका, पंधराव्या?’’

‘‘समोरच्याला झुकतं माप द्यायचं, मग तो भांडत नाही. जन्म १८५३. शंभर वर्षं जगला. मृत्यू १९५३. ६० वर्षं २०१३ च्या अखेरीस संपली. युरोपात दाखवायची म्हणून ७० धरली तरी २०२३. म्हणजे तो कधी का वारेना!’’

हे त्यांनी दीड पानात लिहिलं, मुखपृष्ठावरच्या सालाचा फोटो जोडला, खाली सही-शिक्का. मी वेगळं प्रतिज्ञापत्र पाचशेच्या स्टँपपेपरवर करून नोटरी केलं. काकांनी सात हजार घेतले, आणि अडीच महिन्यांत वाढलेल्या माझ्या रक्तदाबाच्या मानाने ते काहीच नव्हते. लीगलच्या मॅडमचा चौथ्या दिवशी फोन: ‘‘सर, हे छान आहे. हे आधीच द्यायचं ना!’’

काय बोलणार.

तर, वकिलाचं मत पहिल्या मीटिंगच्या आधी तयार ठेवा. आणि स्वतःच्या पटकथेची नोंदणी कोणालाही वाचायला देण्याआधी करा, हे खरं तर अगदी वर सांगायला हवं होतं. कॉपीराइट ऑफिसची साहित्यकृतीची फी ५०० रुपये. अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, पण डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, लगेच मिळतो. मूळ लेखक हयात असेल किंवा अलीकडे वारला असेल तर मात्र काकांचं गणित लागू नाही. भा. रा. भागवत २००१ साली गेले. त्यांचं लेखन २०६१ संपेपर्यंत वारसांचं. तिथे नम्रपणे भेटायला जायचं.

करार झाला, सही झाली, पहिला हप्ताही खात्यात आला. पोर्टलवरचा तो रकाना मात्र कोणाला बंद करता येत नाही. दर सोमवारी सकाळी नऊला मला मेल येते, कारण संपर्क म्हणून माझा पत्ता दिलेला आहे: ‘प्रिय श्री. नारो सदाशिव रिसबूड, आपलं केवायसी अद्याप अपूर्ण आहे. कृपया आधार कार्ड अपलोड करावं.’