फीडबॅक फॉर्ममध्ये काय लिहायचं विचारणाऱ्या ज्युनिअर्ससाठी

परत मेसेज यायला लागलेत, ताई कॉलेजने ऑनलाइन लेक्चरचा फीडबॅक फॉर्म दिलाय, चांगलं लिहू का वाईट. एक ते पाच मार्क देऊन यातलं काहीच कळत नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमची बॅच २०२०-२१ ची, ॲडमिशन लांबल्या आणि बीएस्सी नर्सिंगचं फर्स्ट इयर बरंचसं मोबाईलवरच गेलं. त्याच वेळी मे २०२१ मध्ये फायनल इयरच्या नर्सिंगच्या मुलामुलींना सीनियर स्टाफच्या देखरेखीखाली कोविड ड्युटीला घ्यायचं सरकारने ठरवलं, म्हणजे तिकडे वॉर्डात हात कमी पडत होते आणि आम्ही घरी बसून बेड मेकिंगचे व्हिडिओ बघत होतो, याचा फार त्रास व्हायचा तेव्हा.

पण ऑनलाइन सगळंच वाया गेलं असं मी अजिबात म्हणणार नाही. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, फार्मा याची रेकॉर्डेड लेक्चर्स माझ्यासारख्या मराठी मीडियमच्या मुलींना खरंच वरदान होती. वर्गात मॅडम इंग्लिशमध्ये भराभर पुढे जायच्या आणि हात वर करायचं धाडस व्हायचं नाही, इथे नेफ्रॉनचं (किडनीतल्या बारीक गाळणीचं) ॲनिमेशन थांबवून, मागे घेऊन, कितीही वेळा बघता यायचं. उलट लाइव्ह लेक्चर म्हणजे पीपीटी वाचून दाखवणं, सगळ्यांचे कॅमेरे बंद, चॅटमध्ये प्रेझेंट मॅडम लिहिलं की झाली हजेरी, आणि गावाकडे रेंज गेली की तो टॉपिक गेलाच. घरात एकच फोन आणि भावाचाही क्लास त्याच वेळी, अशाही मैत्रिणी होत्या.

आता खरा मुद्दा. सलाईनचं गणित घ्या. ५०० एमएल सलाईन ८ तासांत द्यायचंय, सेटचा ड्रॉप फॅक्टर २० (म्हणजे १ एमएलचे २० थेंब), तर मिनिटाला साधारण २१ थेंब. हे मी मोबाईलवर शिकले आणि पक्कं शिकले. पण वॉर्डात पेशंटने कोपर वाकवला की थेंब मंदावतात, हात सरळ केला की पळायला लागतात, नळीवरचा क्लॅम्प जरासा फिरवून, थेंब पडतात त्या चेंबरकडे बघत घड्याळावर मोजायचं, हे सगळं पेशंटजवळ उभं राहूनच येतं. बीपीचंही तसंच. कफ फुगवून हळूहळू हवा सोडताना पहिला ठोका कुठे लागला आणि आवाज कुठे गायब झाला हे स्वतःच्या कानाने ऐकावं लागतं, व्हिडिओत मॅडमनी १२०/८० सांगितलं की आम्ही वहीत १२०/८० लिहायचो, त्यात आम्ही काय ऐकलं?

आणि कॉलेज उघडल्यावर राहिलेलं पोस्टिंग (वॉर्डातली प्रॅक्टिकल ड्युटी) एकदम भरून काढायला घेतलं, एका बेडभोवती पाचसहा जणी, एक प्रोसिजर करणार आणि बाकीच्या बघणार, लॉगबुकात, म्हणजे स्वतः केलेल्या प्रोसिजरच्या वहीत, मात्र सगळ्यांच्या सह्या. याचा मला आजही राग येतो कारण पेशंटच्या समोर आपण एकटेच असतो, तिथे बघितलेलं पुरत नाही.

म्हणून चांगलं का वाईट असं न लिहिता सरळ मागण्या लिहा. थिअरीची रेकॉर्डिंग्ज कोविड गेला म्हणून बंद करू नका, नाइट पोस्टिंगवरून येऊन लेक्चरला डोळे मिटतात त्या मुलींना ती दुपारी बघता येतील. डेमोचा व्हिडिओ लॅबच्या आदल्या दिवशी पाठवा म्हणजे लॅबचा वेळ रिटर्न डेमोला (बघितलेलं स्वतः करून दाखवायला) मिळेल, बॅच छोट्या करा, प्रत्येकीचा हात मॅनिकिनला (सरावाच्या पुतळ्याला) लागू दे. आणि वॉर्डाचे तास ऑनलाइनमध्ये धरायचे नाहीत, हे तर फॉर्ममध्ये जागा नसली तरी मागच्या पानावर लिहा, सगळ्यांनी लिहा, एकटीनेच लिहिलं तर कोणी वाचणार नाही.